पप्पांचा फोन चार्ज होत नाही

आमचे पप्पा गेले त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती चार्जिंगची.

पप्पा पहाटे झोपेतच गेले. वर्षभर पलंगाला खिळलेला माणूस, कुणाला त्रास न देता, कुणाला हाक न मारता गेला. नाक्यावरचे डॉक्टर येऊन बघून गेले. सुरेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, दिवा लावला. आई पप्पांच्या उशाशी बसली ती बसलीच. रडली नाही. फक्त एकदा मान वर करून म्हणाली, "मिलिंदचा फोन आल्याशिवाय ह्यांना उचलायचं नाय."

मिलिंद म्हणजे माझा धाकटा भाऊ. बोटीवर असतो. बोट त्या दिवशी दुपारपर्यंत कोलंबोला लागणार होती, आणि बंदर लागलं की तो पहिला फोन पप्पांना करायचा, हा त्याचा नेम. भर समुद्रात त्याला गाठायची सोय नव्हती. मी त्याच्या कंपनीच्या ऑफिसला कळवलं. तिथला माणूस म्हणाला, "कॅप्टनला मेल टाकतो, घरी लगेच फोन करायला सांगतो. कुठल्या नंबरवर करायचा?"

"पप्पांच्याच," मी म्हणालो.

माझा नंबर द्यायचा प्रश्नच नव्हता. मिलिंद आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. त्याने शाळेत असताना परसात लावलेला फणस मी गाडीची शेड घालायला तोडला, आणि तो सुट्टीवर येऊन बघतो तर फणसाच्या जागी माझी गाडी! (मुळं सेप्टिक टँकमध्ये शिरत होती, हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. कोणी ऐकत नाही.) तेव्हापासून तो माझा उल्लेख 'तो शहाणा' असा करतो. सुरेखा माझ्याच पक्षातली. आईकडे मोबाईल नाही. म्हणजे राहिला पप्पांचा फोन. मी तो उचलून बटण दाबलं.

काळा ठिक्कर! रात्रभर चार्जिंगच्या चकतीवर ठेवलेला फोन पूर्ण मेला होता. घरात एका रात्रीत दोघं गेले.

आता इथे मला थोडं मागं जावं लागेल. मी वसईच्या एका पतपेढीत संगणक विभाग सांभाळतो. (संगणक विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर.) त्यामुळे आमच्या आगाशीच्या घरात ज्याला ज्याला बटण आहे ते सगळं माझ्या अखत्यारीत येतं. पप्पांना मी माझाच जुना पण भारीतला फोन दिला होता. हिंडतेफिरते होते तेव्हा ते अर्नाळ्याला किनाऱ्यावर चालायला जायचे. तिथे एकदा लाटेने त्यांना गुडघ्यापर्यंत आणि फोनला पूर्ण भिजवलं. फोन वाचला, पण वायर खुपसायचं भोक खाऱ्या पाण्याने गंजलं. फुलपाड्याचा दुकानदार म्हणाला, "पोर्ट बदलून देतो." मी हसलो. म्हणालो, "वायर कुणाला हवीय? ह्याला वायरलेस आहे!" आणि चार्जिंगची चकती घेऊन आलो.

पप्पांनी तेव्हा विचारलं होतं, "वायर नाय तर वीज येते कुठून?"

मी त्यांना कॉइल, चुंबकीय क्षेत्र वगैरे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुलाही माहीत नाय."

तर त्या सकाळी मी चकती आणि फोन घेऊन ओटीवर आलो. पप्पांना ओटीवरच ठेवलं होतं, आणि ओटीवर प्लगची जागा एकच, नेमकी त्यांच्या डोक्याशी. त्यामुळे देखावा असा झाला : मधोमध पप्पा, उशाशी समई, समईच्या शेजारी चकती, आणि चकतीवर फोन. येणारा माणूस आधी पप्पांना नमस्कार करायचा, मग चकतीला. कुणीतरी फोनवर फूलही वाहिलं.

चकतीवरचा हिरवा दिवा लागायचा, दोनदा डोळे मिचकावायचा आणि लाल व्हायचा. मी फोन सरकवला. मिचमिच, लाल. फोन उलटा करून ठेवला. काहीच नाही. कव्हर काढलं. मिचमिच, लाल. दुसरं अडॅप्टर लावलं, तिसरं लावलं, सुरेखाच्या फोनचं मोठं अडॅप्टर लावलं. लाल!

एव्हाना माणसं जमली होती. गावातली कुठलीही मयत पार पाडणारे बाळूकाका बांबू, सुतळी, मडकं सगळं घेऊन हजर झाले होते. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"सुन्या, काय करतोस?"

"फोन चार्ज होत नाहीये, काका."

"मग सिम काढ आणि दुसऱ्या फोनात घाल. त्याच्यात काय एवढं?"

"सिम नाहीये."

"चोरीला गेलं?"

"नाही, ई-सिम आहे. फोनच्या आतच असतं. दिसत नाही. मीच करून दिलं होतं."

बाळूकाकांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वायर दिसत नाय, सिम दिसत नाय. मग ह्या फोनात आहे तरी काय?"

हे संभाषण ऐकून ओटीवरची सगळी पुरुषमंडळी हळूहळू पप्पांच्या पायाशी असलेली आपली जागा सोडून डोक्याशी सरकली. "फुंकर मार." "हाताने चोळून गरम कर." "गरम झालाय म्हणून होत नसेल, गार कर." "भिजला होता ना? मग तांदळात ठेव!" हा शेवटचा सल्ला फार लोकप्रिय झाला. कोणीतरी आतून तांदळाचं ताट आणलं आणि फोन त्यात पुरला. दहनविधीसाठी आलेले गुरुजी तेवढ्यात म्हणाले, "तांदूळ बाजूला काढून ठेवायला सांगितले होते, कुठेत?" सगळ्यांनी ताटाकडे बोट दाखवलं. गुरुजींनी ताटात हात घातला आणि फोन बाहेर काढला. त्यावरचे तांदूळ झटकले आणि तो माझ्या हातात दिला. त्यांनी बऱ्याच घरांत बरंच काही पाहिलं असावं.

त्याच वेळी वाघोलीहून भाऊसाहेब आले. पप्पांचे शाळासोबती, कानाने कमी. ते माझ्याजवळ टेकले, माझा हात हातात घेतला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "गेला कधी?"

मी त्या वेळी चकतीची वायर तपासत होतो. म्हणालो, "रात्रीच कधीतरी. सकाळी बघतो तर बंद."

"आधी काही लक्षण?"

"अर्नाळ्याला पाण्यात पडला होता. तेव्हापासून जरा कुरकुर होतीच."

"पाण्यात पडला?" भाऊसाहेब हादरले. "मला कोणी बोललं नाय! मग डॉक्टरला दाखवला का नाय?"

"फुलपाड्याला दाखवला होता. तो म्हणाला, भोक बदलून देतो. पण म्हटलं, आता जुना झालाय, कशाला खर्च करायचा. असाच वापरू जेवढे दिवस चालेल तेवढे."

भाऊसाहेबांनी माझा हात सोडला. मी कोण आहे, कोणाचा मुलगा आहे, हे आपल्याला आजवर कळलंच नव्हतं, अशा नजरेने त्यांनी मला पाहिलं आणि उठून लांब जाऊन बसले. त्यांचा गैरसमज मी नंतर दूर केला. ते "बरं बरं" म्हणाले. पण मला नाही वाटत त्यांना पटलं.

उन्हं वाढायला लागली. अर्नाळ्याची कमळाबाय आमच्या घरी वर्षानुवर्षं मासळी देते. तिला बातमी कळल्याबरोबर ती टेम्पोतून बर्फाच्या लाद्या घेऊन आली. "भावांसाठी बर्फ आनलाय," ती डोळे पुसत म्हणाली. पप्पांना ती भाऊ म्हणायची. लाद्या पप्पांच्या दोन्ही बाजूंना लावल्या. दहा मिनिटांत ती ओरडली, "अरे तो डबा उचला! पानी चाललंय त्याच्याकडं! आनखी एक मयत काढताव काय?"

मी चकतीचा एक्स्टेन्शन बोर्ड छातीशी धरून उडी मारली. आई तेवढ्यात एकदाच बोलली. "आला का फोन?"

"येईल, आई."

तिने मान हलवली आणि पप्पांच्या कपाळावरचा केस सारखा केला. मला त्या क्षणी ती चकती विहिरीत फेकून द्यावी आणि ओट्यावर डोकं आपटून घ्यावं असं वाटलं. पण नंबर तर चालू करायलाच हवा होता. मी स्कूटर काढली आणि फोन कंपनीच्या विरारच्या दुकानात गेलो.

दुकानातल्या मुलीने हसून स्वागत केलं.

"हे ई-सिम मला दुसऱ्या फोनवर घ्यायचंय. आत्ता. तातडीचं आहे."

"नक्की सर. नंबर तुमच्या नावावर आहे?"

"वडलांच्या."

"मग वडलांना घेऊन यावं लागेल सर. त्यांचा फोटो काढावा लागतो."

"ते येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत का? व्हीलचेअर चालेल सर, आपल्याकडे रॅम्प आहे."

"ते आज सकाळी वारले."

मुलीचं हसू मावळलं. तिने अगदी मनापासून "सॉरी सर" म्हटलं. मग स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाली, "मग मृत्यूचा दाखला, वारसाचं संमतीपत्र… आठवडाभर लागेल सर."

मी उलट्या पावली बाहेर पडलो. वाटेत दिसेल त्या मोबाईलच्या दुकानात विचारलं, "वायरलेस चार्जर आहे?" एकाने वायरलेस हेडफोन दाखवले, एकाने वायरलेस माऊस, आणि एकाने मला समजावून सांगितलं की वायर असलेलाच चांगला, टिकतो.

घरी आलो तर आत्या आली होती. आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. आमच्या आत्याचं रडणं पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. ती उंबऱ्यापासून सुरू होते आणि हातवारे करत, छाती पिटत, मयताच्या लहानपणापासूनचा सगळा इतिहास सांगत रडते. ओटीवर तोच इतिहास चालू होता. आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला गुरुजी पप्पांचा फोन हातात घेऊन बसले होते.

"सुनीलराव," गुरुजी म्हणाले, "माझ्या फोनात उलटं चार्जिंग आहे. पाठीला पाठ लावली की माझ्यातली बॅटरी त्याच्यात जाते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. गुरुजींनी उपरण्याआडून असा फोन काढला की आमच्या पतपेढीच्या चेअरमनकडेही तो नव्हता. त्यांनी दोन्ही फोन पाठीला पाठ लावून धरले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"माझा फोन म्हणतोय, मध्ये धातूची वस्तू आहे."

"कव्हर तर काढलंय."

गुरुजींनी पप्पांचा फोन उन्हात तिरका धरला, पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि एके ठिकाणी थांबले. काळ्या फोनच्या पाठीवर, अगदी मधोमध, त्याच काळ्या रंगाची पातळ लोखंडी पट्टी चिकटवलेली होती.

"ही कोणी लावली?" बाळूकाकांनी विचारलं.

आत्यासुद्धा इतिहासात मध्येच थांबली.

आदल्या संध्याकाळी पप्पा म्हणाले होते, "उद्या मिलिंदची बोट लागेल. फोन धरून हात दुखतात रे माझे." म्हणून मी त्यांच्या पलंगाला चुंबकाचं स्टँड बसवून दिलं होतं. फोन हवेत राहायचा, हात मोकळे. पप्पा खूश झाले होते. म्हणाले होते, "हे मात्र तू चांगलं केलंस." ते माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. आणि चुंबकाला फोन चिकटायचा तर फोनला लोखंड नको का? ते मीच चिकटवलं होतं. वरून कव्हर घालून रात्री फोन मीच चकतीवर ठेवला होता. सकाळपासून कव्हर काढून दहा माणसांच्या हातात तो फोन फिरला, पण काळ्यावरचं काळं कोणाला दिसलं नाही. आणि ज्याने लावलं त्याच्या डोक्यात त्या सकाळी वडील सोडून काही शिल्लक नव्हतं.

"मी," मी म्हणालो.

बाळूकाकांनी सुतळी कापायची सुरी पुढे केली. मी पट्टी खरवडून काढली, फोन धावत नेऊन चकतीवर ठेवला. हिरवा दिवा लागला, डोळे मिचकावले नाहीत, स्थिर राहिला! मी "झालं!" म्हणून ओरडलो आणि वीज गेली.

पंखा थांबला, चकती विझली. आमच्याकडे वीज जायला कारण लागत नाही, पण वेळ मात्र ती बरोबर साधते. कोणी काही बोलण्याआधीच गुरुजींनी पुन्हा आपला फोन काढला. पाठीला पाठ लागली आणि ह्या वेळी पप्पांच्या फोनवर बॅटरीचं चित्र उमटलं. पण गुरुजींना तयारी करायची होती, मला त्यांच्या हाताशी थांबायचं होतं, आणि फोन जरा सरकला की चित्र जायचं. गुरुजींनी चौफेर पाहिलं आणि दोन्ही फोन आत्याच्या दोन तळव्यांमध्ये दिले.

"असेच धरा. हलायचं नाही."

बिचारी आत्या! दोन्ही हात जोडलेले, छाती पिटायची सोय नाही. हुंदका आला की फोन हलायचा, फोन हलला की सगळी ओटी ओरडायची, "आत्या! आत्या!" आणि आत्या हुंदका गिळायची. सख्ख्या भावाच्या मयताला ती अर्धा तास पुतळ्यासारखी बसली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात दगडाचे. तिला उभ्या जन्मात असं मूक रडताना कोणी पाहिलं नव्हतं. आणि का कोण जाणे, तिचा आवाज थांबला तशी आई पहिल्यांदा रडली.

फोन सुरू झाला. नेटवर्कच्या काड्या आल्या. आणि पाचच मिनिटांत वाजला!

फोन आत्याच्या हातांतून काढता येत नव्हता. मी गुडघ्यांवर बसलो, स्पीकर चालू केला आणि आत्याच्या बोटांजवळ तोंड नेलं. "हॅलो…"

माझा आवाज पप्पांसारखा आहे. मला ते तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

"पप्पा! अहो आहात कुठे?" मिलिंदचा आवाज अख्ख्या ओटीवर घुमला. "सकाळपासून फोन बंद तुमचा! बोट लवकर लागली, कॅप्टन म्हणतो घरी फोन कर, आणि तुम्ही लागत नाही. शेवटी त्या शहाण्याला लावला. किती वेळा लावला! उचलत नाही तो. पप्पा, त्याला सांगा, तो फणस गेला खड्ड्यात, पण फोन तरी उचल म्हणावं!"

मी खिशातून माझा फोन काढला. मयतीच्या घरात वाजू नये म्हणून सकाळीच मी तो सायलेंट केला होता. त्यावर परदेशातल्या एकाच नंबराची रांग लागली होती. त्यातला पहिला, मी विरारच्या दुकानात रॅम्पबद्दल ऐकत होतो तेव्हाचा.

"पप्पा? बोला ना."

"मिलिंद," मी म्हणालो, "दादा बोलतोय."

पलीकडे बंदरातला कसला तरी भोंगा वाजला.

"पप्पा कुठेत?"

आईने बसल्या जागेवरून, अगदी साध्या आवाजात सांगितलं, "गेले रे बाबू. पहाटे."

मिलिंद म्हणाला, "दादा, मला तिथे पोचता येणार नाही. थांबवू नका त्यांना. फक्त… फोन त्यांच्या कानाशी धर एकदा."

आत्या उठली. हात तसेच. मी तिच्या कोपरांना आधार दिला, आणि आपला फोन पडेल ह्या भीतीने गुरुजी तिच्या पुढे उलटे चालायला लागले. असे आम्ही तिघं, एकमेकांना चिकटून, बर्फाच्या पाण्यातून घसरत पप्पांच्या डोक्याशी आलो. मी स्पीकर बंद केला. मिलिंद काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. आत्याला थोडं ऐकू आलं असावं, पण तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि आत्याने एखादी गोष्ट न सांगणं म्हणजे विचार करा!

मग गुरुजींच्या फोनने मान टाकली आणि पाठोपाठ पप्पांच्याही.

आणि माझा फोन थरथरला. तोच नंबर. दोन वर्षांनी मी माझ्या भावाचा फोन माझ्या फोनवर उचलला, आणि आईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"काय झालं? कट का झाला?"

"चार्जिंग संपलं."

"आणि सकाळपासून बंद का होता?"

मी सगळं सांगितलं. गंजलेलं भोक, ई-सिम, चकती, पट्टी. काहीही लपवलं नाही. लपवण्यात अर्थ नव्हता, सगळी ओटी ऐकत होती.

मिलिंदने नाक ओढलं. रडत होता की हसत होता, देव जाणे. म्हणाला, "दादा, एक कर. पप्पांना नीट घेऊन जा. आईला जेवायला लाव. मी तेराव्यापर्यंत येतोय. पण मी येईपर्यंत घरातली कुठलीही वस्तू दुरुस्त करू नकोस. कशाला हात लावू नकोस. कळलं?"

आईने मान डोलावली. बाळूकाकांनी डोलावली, सुरेखाने डोलावली, गुरुजींनी डोलावली, लांब बसलेल्या भाऊसाहेबांना तर काही ऐकूही गेलं नव्हतं, पण त्यांनी सगळ्यांत जोरात डोलावली. पप्पा होते तोवर आमच्या घरात एवढ्या एकमताने कधी काहीच मंजूर झालं नव्हतं!